गंगेत सोडलेला भात

कोंडखारचा सदू गाव सोडून कुठं जायचा नाही. बोर्ली पंचतनच्या बाजाराला गेला तरी भरतीची वेळ बघून जायचा आणि पाणी चढायच्या आत परत यायचा. खाडी आणि त्याचं शेत यांच्यामधे मातीचा एक बांध होता. आपण नसलो तर तो बांध एकट्यानं उभा राहायचा नाही, अशी या माणसाची समजूत होती. त्याची बायको ठमाबाई म्हणायची, "माज्याशी लगीन लागलं ते इसारलात तुमी. तुमचा संसार त्या बांधाशी."

अशा माणसाला ठमाबाईनं काशीला न्यायचं ठरवलं. त्यात तिची एक लबाडी होती, ती आधीच सांगितलेली बरी.

दोन वर्षांमागं भादव्याच्या उधाणात बांधाला खांड पडली. खाडीचं पाणी शेतात शिरलं आणि पोटरीला आलेला भात मिठानं जळाला. पूर्वी खांड पडली की घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे, वर पेंढा अंथरायचा आणि पायानं तुडवायचं. पुढची भरती यायच्या आत बांध पुरा व्हायचा. आता घरांना कुलपं. पोरं मुंबईला, नाहीतर कुठल्या कुठल्या कंपन्यांत. आजूबाजूची शेतं एकतर विकली गेलेली, नाहीतर तिवरांनी गिळलेली. शेजारचा धर्मा दोन दिवस आला आणि कंबर धरून बसला. सदू एकटाच चिखल ओढत राहिला. गेल्या साली त्यानं पेंढ्यात बांधलेली बियाण्याची अर्धी मुडी सोडून पेरलं. बोटबोट उगवलं आणि पिवळं पडून गेलं. उन्हाळ्यात शेताला पांढरा पापुद्रा धरला. सदू तो नखानं खरवडून जिभेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "पयल्यापेक्षा कमी हाय."

कमी कुठलं? पण त्याला कोण सांगणार.

यंदा पेरणी केलीच नव्हती, आणि दिवाळीच्या अवसेला बांध परत फुटला. सदू एकटाच गेला. धर्मा म्हैस हुडकत तिकडं गेला म्हणून बरं, नाहीतर ही गोष्ट तिथंच संपली असती. सदू कमरेपर्यंत चिखलात रुतला होता, भरती छातीला लागली होती आणि हा पठ्ठ्या तशातही हाताला लागेल तो चिखल खांडीत लोटत होता. धर्मानं म्हशीचा दोर टाकून ओढून काढला. घरी आणला तेव्हा त्याचे दात वाजत होते. ठमाबाईनं मागीलदारी बसवून ऊन पाणी ओतलं, कानातला चिखल बोटानं काढला. सत्तरीला टेकलेलं ते शरीर तिनं चोळचोळून धुतलं. बरगड्या हाताला लागत होत्या.

"थोडक्यात राह्यली गं," सदू म्हणाला. "आनि चार गोळं पडलं असतं तर बुजली व्हती."

 ठमाबाईनं त्याच वेळी मनाशी ठरवलं की हे शेत आता नको. शेत राहिलं तर माणूस राहायचा नाही.

शेत तिच्या नावावर होतं. सासऱ्यानं मरायच्या आधी तसं करून ठेवलं होतं, कारण तरुणपणी सदूनं एका चुलतभावाला नुसत्या शब्दावर बैलजोडी देऊन टाकली होती. "ह्यो उद्या शेत पन देल," म्हणून म्हाताऱ्यानं सुनेच्या नावावर चढवलं. सदूला त्याचं कधी काही वाटलं नाही. कागद कुणाचा का असेना, चिखल आपला, एवढंच तो जाणत होता.

एकुलता मुलगा गणराज माणगावात राहायचा. शेताला गिऱ्हाईक आहे म्हणून तो दोन वर्षं आईच्या मागं लागला होता आणि दर खेपेला ती त्याला झाडूनं हाकलायची. या वेळी तिनं स्वतः त्याला बोलावून घेतलं. तालुक्याच्या कचेरीत तिनं काचेवर अंगठा टेकवला. काचेखाली हिरवा दिवा लागला आणि काम झालं. अंगठ्याला शाईसुद्धा लागली नाही. घरी येईपर्यंत ती तो अंगठा पदराला पुसत होती.

"आता बाबांना काय दिस लांब ने," गणराज म्हणाला. "भराव टाकायला लागले नि बाबा डंपरपुढं आडवे पडले, तर काय करशील? आल्यावं बघतील, रागावतील, गप बसतील. डोळ्यांदेखत नको."

बोर्लीचा जीवन दरसाल माणसं जमवून काशीयात्रा न्यायचा, त्याची गाडी माघात निघणार होती. सदू ऐकेना. शिमग्याच्या आत बांध घालायचा होता, काशी काय पळून जात होती? तेव्हा ठमाबाईनं ती लबाडी केली.

"गंगेचं पानी आनून शेतात घातलं तर मीठ मरतं म्हंतात."

सदूनं हातातलं फावडं तसंच धरून तिच्याकडं बघितलं. "कोन म्हनतं?"

"सगलं म्हंतात. गंगेपुढं मिठाची काय टाप हाय?"

झालं. एकदाचं गंगेत घोडं न्हायला तयार झालं. दुसऱ्या दिवशी सदूनं गोडेतेलाचा मोठा रिकामा कॅन मागितला. राखेनं, चिंचेनं, परत राखेनं घासला. त्याला तेलाचा वास राहू नये म्हणून उन्हात पालथा घातला. ठमाबाई चुलीपुढं बसून ते बघत होती आणि तिला भाकरी थापवेना.

काशीला पोचल्यावर ठमाबाई पहिल्यांदा हबकली ती माणसांनी. गल्लीत दोन माणसं एकमेकांना वाट देऊन जातील एवढीच जागा, त्यात गाय, त्यात मोटारसायकल आणि त्यातूनच खांद्यावर मढं घेऊन माणसं पळत निघालेली. कोपऱ्यावर एक जण कुल्हडातून चहा पीत होता. मढं त्याच्या कोपराला घासून गेलं तरी त्यानं चहा सांडू दिला नाही. पुढं घाटावर लाकडांच्या राशी आणि चिता पेटलेल्या, एक नव्हे, दोन नव्हे. आपल्याकडं मसणवटा गावाबाहेर, बायामाणसं तिकडं फिरकत नाहीत. इथं तर चितेच्या अंगाला शेळ्या झेंडूचे हार खात उभ्या. ठमाबाईनं शेजारणीचा हात घट्ट धरला. शेजारीण म्हणजे केसर, धर्माची बायको. तीही यात्रेला आली होती आणि तिचंही तोंड उघडं ते उघडंच होतं.

"ठमाबाई," केसर म्हणाली, "हितं मरनाला कुनी भीतच न्हाय का?"

सदूचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. तो पायऱ्या उतरून थेट पाण्याशी गेला होता. लोक नमस्कार करतात, डोक्याला पाणी लावतात. यानं ओंजळ भरली आणि जीभ लावून बघितली. मग परत बघितली. वळून ठमाबाईला हाक मारली तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"गोडं हाय. आगं, गोडं हाय समदं."

"नदी हाय ती. गोडीच असनार."

"येवडी रुंद? आपल्या खाडीच्या चौपट तरी असंल. आनि मिठाचा कन न्हाय." त्यानं होडीवाल्याला विचारलं, "भरती कदी येते?" होडीवाल्याला कळेना. सदूनं हात वर-खाली करून दाखवलं. जीवननं हिंदीत सांगितलं तेव्हा होडीवाला हसला आणि म्हणाला की इथं पाणी एकाच अंगानं जातं, उलटं येत नाही.

हे ऐकून सदू पायरीवर बसलाच. जन्मभर त्यानं एकच पाणी बघितलं होतं, जे गेलं की परत येतं आणि येताना मीठ घेऊन येतं. परत न येणारं एवढं पाणी जगात आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पाण्यात हात बुडवून ते कुठल्या अंगाला ओढतंय ते बघितलं. मग म्हणाला, "मंग ही मीठ न्हेल. नक्की न्हेल. तू म्हनलीस ते खरं हाय."

ठमाबाई पाठ फिरवून पायऱ्या चढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा होती. जीवननं ठरवलेले गुरुजी मराठी बोलणारे होते. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या काशीतलं, त्यामुळं मराठीला हिंदीचा हेल. माणूस सज्जन होता, घाई करत नव्हता. कोंडखारची आणि आजूबाजूच्या गावांतली दहाबारा माणसं ओल्या कपड्यांनी पायरीवर बसली होती. वारा गार होता. गुरुजींनी सांगितलं, "आता काशीत येऊन एक गोष्ट सोडायची. आवडीची. फळ म्हणा, भाजी म्हणा. गंगेला साक्ष ठेवून सोडलेलं जन्मात परत खायचं नाही."

ही रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यातली पळवाटही ठाऊक होती. गावाकडच्या जाणत्या बाया निघतानाच कानात सांगतात की नावडतं असेल ते सोडून या, देवाला काय कळतंय. केसरनं कारलं सोडलं. एकानं आयुष्यात कधी न बघितलेल्या कुठल्याशा फळाचं नाव घेतलं. जीवन दरवर्षी येतो आणि दरवर्षी पडवळ सोडतो, असं म्हणून मागं कुणीतरी खुसखुसलं. ठमाबाईनं सुरण सोडलं. सुरणानं तिचा घसा खाजायचा.

मग सदूची पाळी आली. त्यानं कॅन मांडीशी धरला होता. "गुरजी," तो म्हणाला, "येक इचारायचं हाय. माजं शेत खारं झालंय. खाडी शिरली. हितलं पानी घातलं तर गोडं व्हईल ना?"

गुरुजी म्हणाले, "श्रद्धेनं घाला. गंगामाईच्या मनात असेल तर होईल."

"तिच्या मनात यावं म्हनून काय लागतं?"

"तिला काय हवंय, बाबा. मनापासून द्याल ते."

सदूनं मान हलवली. ओंजळ भरून घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी भात सोडला."

पायरीवरची खुसखूस बंद झाली. केसरनं ठमाबाईचं मनगट धरलं. ठमाबाईला वाटलं आपल्याला ऐकू आलं ते चुकीचं आलं. भात? सकाळची पेज, दुपारचा भात, रात्रीचा भात. तांदळाची भाकरी. आजारी पडला तर पेजेचं पाणी, बरा झाला तर मऊ भात. सदूच्या तोंडाला दुसरं काही रुचत नव्हतं. लग्नाच्या जेवणात पुऱ्या वाढल्या की तो त्या बाजूला सारून भाताची वाट बघायचा.

गुरुजींनीच हात आडवा केला. "बाबा, नीट विचार करा. तुम्ही कोकणातले. भात सोडून कसं चालेल? एखादं फळ सोडा."

"फळ देऊन शेत कसं मागू?" सदू शांतपणे म्हणाला. "शेत भाताचं, तर द्यायचा भातच. मी खात न्हाय. तिनं पिकवू द्यावं म्हंजी झालं. पोरं खातील, गाव खाईल."

आणि त्यानं ओंजळ सोडली. पाणी पाण्यात पडलं, एवढासा आवाज झाला. ठमाबाई तोंड उघडून बसली होती.  जे शेत मागायला या माणसानं तोंडचा घास दिला ते शेत तिनं काचेवर अंगठा टेकवून कधीच देऊन टाकलं होतं. आणि गंगेनं मीठ मरतं, हे त्याच्या डोक्यात तिनंच भरलं होतं.

सदू वळून तिच्याकडं बघून हसला. "तू सुरन सोडलंस व्हय," तो म्हणाला. "बरं केलंस."

पूजा आटोपली. बाकीचे कपडे बदलायला गेले तेव्हा ठमाबाई मागं राहिली आणि गुरुजींच्या समोर उकिडवी बसली.

"गुरजी, ह्यांनी सोडलेलं माज्या नावावं करा. माजं सुरन त्यास्नी द्या."

गुरुजींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, "आजी, ते असं बदलत नाही. त्यांनी दिलं, माईनं घेतलं. इथलं पाणी परत येत नाही."

हेच काल होडीवाल्यानं सांगितलं होतं. ठमाबाई उठली.  तिनं केसरचा फोन मागून घेतला आणि गणराजला लावला. मागं कसलीतरी घरघर ऐकू येत होती.

"गन्या, थांबव. काम चालू करू नको."

"आये? काय झालं? बाबा बरं हायत ना?"

"बरं हायत. तू थांबव. मी अंगठा परत घेतंय."

 मग गणराज म्हणाला, "आये, मी शेतावंच हाय. परवाच सुरू झालं. अर्ध्याच्या वर भरलंय. बांध फोडून दगड टाकलं त्यांनी. आता काय थांबवू?"

ठमाबाईनं फोन केसरच्या हातात दिला, बंद न करताच. खाली पायरीवर सदू गुडघाभर पाण्यात वाकून कॅन भरत होता. काठाजवळचं गढूळ नको म्हणून तो आणखी आत जात होता. धोतराचा सोगा पाण्यावर तरंगत होता. त्याला दिवाळीच्या चिखलातून वाचवायला तिनं हे सगळं केलं होतं, आणि तो पुन्हा कमरेपर्यंत पाण्यात उभा होता, मजेत.

परतीच्या गाडीत सदूनं कॅन वर ठेवू दिला नाही, खाली ठेवू दिला नाही. मांडीवर घेऊन बसला. वाटेत जीवननं पोहे वाटले तेव्हा त्यानं द्रोण हातात घेतला, बघितला आणि परत दिला.

"पोहं पन भातच की," तो म्हणाला.

मग इडली आली, तीही भातच. कुरमुरे आले, तेही. दर खेपेला तो आधी हात पुढं करायचा आणि मग ओशाळून मागं घ्यायचा. डब्यातली माणसं हसायला लागली. एकानं म्हटलं, "सदूनाना, आता गावात उपाशीच मराल." सदूही हसला. केळी खाल्ली, पुरी चावत बसला. सगळे दात नव्हते, पुरी चिवट झाली होती. ठमाबाईनं तिची इडली तशीच गुंडाळून पिशवीत ठेवली. तिला वाटत होतं आत्ता सांगावं. तोंड उघडलं की सदू म्हणायचा, "पानी कुठून घालायला सुरवात करावी? खांडीच्या अंगानं, का उघाडीच्या?" उघाडी म्हणजे बांधातलं दार, पावसाचं पाणी खाडीला सोडायचं. तिचं लाकडी झाकण त्यानं स्वतः तासलं होतं.

"उघाडीच्या," ती म्हणायची. आणि सांगायचं राहून जायचं. पनवेल येईस्तोवर ती दोन राज्यं ओलांडून आली आणि एक वाक्य तिला ओलांडवलं नाही.

गणराज गाडी घेऊन आला होता. तो आईकडं बघत नव्हता आणि आई त्याच्याकडं बघत नव्हती. माणगाव सुटलं, घाट उतरला, खाडीचा वास आला तसा सदू पुढं सरकून बसला.

"आधी शेतावं चल," तो म्हणाला.

"बाबा, दमलाव. घरी चला, सकाली जाऊ."

"काशीचं पानी घरात ठिवून झोपू व्हय? चल."

ठमाबाई म्हणाली, "चल गन्या. न्हे तिकडं." तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

उन्हं कलती होती. वळणावरून पूर्वी खाडीलगतची खारजमीन दिसायची, बांधाची करडी रेघ आणि त्यामागं खाडी. आता तिथं लाल मैदान होतं. मुरूम पसरून रोलर फिरवलेला, कडेला काळ्या दगडांची भिंत, मधोमध पिवळं जेसीबी. सदू गाडीतून उतरला आणि कॅन घेऊन चालायला लागला. त्याला वाटलं असणार आपण वाट चुकलो. तो मुरुमाच्या कडेपर्यंत गेला, थांबला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग धर्माच्या पडीक शेतातला आंबा बघितला आणि तिथून पावलांनी मोजल्यासारखा परत आला. जागा तीच होती.

दगडाच्या ढिगाऱ्याशी उघाडीचं लाकडी झाकण टाकून दिलेलं होतं. त्यावरून टायर गेलेलं. सदूनं कॅन खाली ठेवला आणि झाकण उचललं. चिखल निपटला. ते दोन ठिकाणी तडकलं होतं.

"बाबा," गणराज मागून म्हणाला, "आता खारं पानी कदी येनार न्हाय बगा." त्याला धीर द्यायचा होता. 

सदूनं त्याच्याकडं बघितलं नाही. "कुनी दिलं?" एवढंच विचारलं.

गणराज काहीतरी बोलणार तेवढ्यात ठमाबाई पुढं झाली. "मी दिलं. माजा अंगठा हाय. त्याला काय बोलू नका. तुमी चिखलात गेलाव त्या दिशीच मी ठरवलं. फुडल्या खेपेला तुमचं मढं काढायला लागू नये म्हनून दिलं. आनि गंगेचं मी खोटं सांगितलं. मीठ-बीठ कुनी म्हनलं नव्हतं."

सगळं एका दमात बाहेर आलं आणि ती धापा टाकत उभी राहिली. आता तो ओरडेल. फावडं असतं तर फावडं उगारेल. तिनं सगळ्याची तयारी ठेवली होती. सदू तिच्या तोंडाकडं बघत नव्हता, हाताकडं बघत होता. मग त्यानं झाकण होतं तिथं परत ठेवलं, कॅन उचलला आणि गाडीकडं निघाला.

कॅनमधलं पाणी त्यानं तिथं ओतलं नाही. एक थेंबही नाही.

पुढचे चार दिवस सदू बोलला नाही असं नव्हे. चहा दे म्हणाला, गोठ्याचं कवाड लाव म्हणाला. ठमाबाई त्याच्यासाठी नाचणीची भाकरी भाजायची. तो ती पाण्यात बुडवून खायचा आणि उठायचा. खाडीच्या अंगाला गेला नाही. भरती आली का ओहोटी झाली, मान वर करून बघितलं नाही. ठमाबाईला बांधाच्या नावानं बोटं मोडायची सवय होती, आता तिलाच भरतीच्या वेळी घरात बसवेना. चौथ्या दिवशी त्यानंच विषय काढला.

"मावंदं घालायला पायजे. काशी करून आलो. गावाला जेवान द्यायचं."

"घालू की," ती घाईनं म्हणाली. हा माणूस काहीतरी मागतोय यानंच तिला हुरूप आला. "गन्याला सांगतंय, बोर्लीवरून तांदूळ आनंल."

"तांदूळ हाय घरात," सदू म्हणाला.

तिला वाटलं कणगीत तळाशी काही उरलं असेल. ती मसाला कुटायच्या तयारीला लागली.

मावंद्याच्या दिवशी ती देवळात दिवा लावून आली तर अंगणात चूल पेटलेली आणि मोठं पातेलं चढलेलं. धर्मा लाकडं सारत होता. ओटीवर पेंढ्याची दोरी सुटून पडली होती, वेटोळी वेटोळी. ठमाबाईनं ती दोरी ओळखली. माळ्यावर धुराला टांगलेली बियाण्याची मुडी. राता भाताचं बी, थोड्याफार मिठातही टिकणारं. सासऱ्याच्या आधीपासून या घरात दरसाल पेरलेलं आणि दरसाल पुन्हा बांधलेलं. उंदीर लागला तर सदू मुडीखाली झोपायचा. घरात दाणा नव्हता त्या साली उसने तांदूळ आणले, पण मुडीला हात लागला नव्हता. बी खाणं म्हणजे आपल्या हातानं घराला शेवट लावणं. सदूनं ते पहाटे गिरणीत नेऊन भरडून आणलं होतं. सुपात लाल तांदूळ धुऊन निथळत ठेवला होता.

"अवं," ती म्हणाली.  "बी हाय ते."

"शेत न्हाय," सदू म्हणाला. "बी कुनासाठी?"

मग त्यानं काशीचा कॅन आणला. थोडं तीर्थाला वाटीत काढलं, बाकीचं सगळं पातेल्यात ओतलं. ते पाणी ज्या शेतासाठी आणलं होतं, त्याच शेताचं बी त्या पाण्यात शिजायला लागलं. ठमाबाई चुलीपासून हललीच नाही. वाफ तोंडावर येत होती तरी हलली नाही. 

पंगत बसली. गावात उरलेली म्हातारी माणसं, चार बाया, माणगावहून गणराज. सदू स्वतः वाढत होता, कंबरेला पंचा गुंडाळून. लाल, टपोरा भात पानावर पडला तसा धर्मानं हात आखडला. त्यानं एक शीत बोटानं चेपून बघितलं.

"सदू, ह्यो राता कुठला?"

"घरचा."

"घरचा कुठला? तीन साल तुला पीक न्हाय."

"बियाचा."

सगळे हात पानावर थांबले. केसरनं तोंडाला पदर लावला. गणराजनं मान खाली घातली ती वर केली नाही. कोंडखारात आजवर कुणी कुणाला बियाण्याचं जेवण वाढलं नव्हतं आणि ते खावं की उठावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"जेवा," सदू म्हणाला. प्रत्येक पानापुढं थांबून त्यानं यजमानानं म्हणायचं ते म्हटलं, "सावकाश होऊ द्या." आवाजात राग नव्हता. एकेकानं घास उचलला. धर्मा चावता चावता डोळे पुसत होता.

शेवटी त्यानं ठमाबाईला बायांच्या ओळीत बसवलं. ती नको नको म्हणत होती. मी तुमच्याबरोबर भाकरी खाईन म्हणाली, मीबी भात सोडलाय म्हणाली. सदूनं तिच्यापुढं पान मांडलं आणि पळीनं भात वाढला, वर तुपाची धार धरली.

"तू सुरन सोडलंयस," तो म्हणाला. "भात मी सोडलाय. खा."

मावंद्याचं पान टाकून उठता येत नाही. तिनं पहिला घास घेतला. भात मऊ होता आणि गोड होता, मिठाचा कुठं मागमूस नव्हता. अंगठ्यानं घास रेटायला लागतो, त्या अंगठ्यानं तिनं तो रेटला. समोर सदू पळी धरून उभा होता, जेवणाऱ्याकडं यजमान बघतो तसा बघत. ती जेवत राहिली. पान रिकामं होत आलं तसा तो वाकला.

"आनि वाढू?" त्यानं विचारलं.